आतून रंगवलेली गाडी आणि मागून रंगवलेली काच

१/७
पुणे–अहिल्यानगर महामार्गावर कोरेगाव भीमा ओलांडून पुढे गेल्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत लागते. तेथील कारखान्यात मोटारीला रंग बाहेरून चढतो : आधी प्रायमर, मग रंग, शेवटी पारदर्शक लेप. रिमोटवर धावणाऱ्या शर्यतीच्या छोट्या गाडीचा क्रम मात्र नेमका उलटा असतो. या उलट्या क्रमाचे जुने नमुने पुण्यातच जपलेले आहेत.

२/७
अशा आरसी गाडीची बॉडी बहुधा पारदर्शक पॉलीकार्बोनेटची असते. गाडी उलटते, खडीवर घासते. म्हणून रंग आतल्या बाजूने देतात. ओरखडा प्लास्टिकवर उमटतो, रंग शाबूत राहतो.

३/७
परिणामी जे सर्वांत वर दिसायचे, ते सर्वांत आधी रंगवावे लागते. खिडक्या आतून चिकटपट्टीने झाकायच्या. मग नक्षी व गडद रंग, त्यानंतर फिकट रंग, शेवटी पाठीचा थर. बाहेरचे संरक्षक आवरण सोलले की खरे रूप दिसते. तोवर चूक सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते.

४/७
१८व्या शतकात चीनमधील कँटनचे चित्रकार काचेच्या मागील बाजूस याच क्रमाने चित्रे काढीत. प्रथम डोळ्यांतील चमक आणि दागिन्यांचे मोती, मग चेहरा व वस्त्रे, अखेरीस पार्श्वभूमी. समोरून पाहताना डावे-उजवे पालटते, याचेही भान ठेवावे लागे.

५/७
सागरी व्यापारातून ही कला पश्चिम भारतात आली आणि देवदेवता, राजपुरुष व स्त्रियांची चित्रे काचेवर उमटू लागली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे आहेत. पुढे पुण्यात चित्रशाळा (१८७८) आणि मुंबईत रविवर्मा छापखाना (१८९४) सुरू झाले. एकेक करून रंगवलेल्या काचेपुढे स्वस्त छापील चित्र उभे राहिले आणि काचचित्र मागे पडले.

६/७
मग आरसी गाडी ही काचचित्राची वारसदार मानावी काय? तसे मानणे घाईचे ठरेल. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. पारदर्शक पृष्ठभाग कोणत्याही काळातील कारागिराला हाच क्रम शिकवतो. खुद्द पॉलीकार्बोनेटही १९५३ मध्ये जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार केले. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की इतिहासाच्या अभ्यासकाने आधी त्यांच्यापुढची अडचण समान होती का, हे तपासावे.

७/७
एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. गाडीचा रंग प्लास्टिकला घट्ट धरून राहतो. जुन्या काचेवरचा रंग दमटपणाने सुटतो. घरात आजोबा-पणजोबांच्या काळातील काचचित्र असेल, तर त्याची मागची बाजू ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. तेथे धूळ म्हणून जे पुसले जाते, ते चित्रच असते.