बाही वर की खाली?

मंडळी, मराठीत ‘बाह्या सरसावणे’ म्हणजे कामाला लागणे. भांडायला उठणाराही आधी बाह्याच सरसावतो. पण ज्याचे कामच लढण्याचे, त्या सैनिकाला मात्र आपली बाही आपल्या मनाने वर करता येत नाही. त्याला हुकूम लागतो. उन्हाळ्यात कोपराच्या वर नीट घडी, हिवाळ्यात मनगटापर्यंत खाली.

आमचे मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावर. नगरला (आता अहिल्यानगर) रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, १९७९ साली उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचे केंद्रही तिथेच. त्यामुळे फौजी गणवेश आम्हाला नवा नाही. माझे काही विद्यार्थी फौजेतून पेन्शन घेऊन गावी आले आहेत. त्यांना हा प्रश्न विचारला तर तिघांची तीन उत्तरे मिळाली. पायदळातला म्हणाला, “सर, बाही वर असली की हात मोकळा राहतो, जवान रुबाबदार दिसतो.” रणगाड्यावरचा म्हणाला, “मे महिन्यात लोखंडाला हात लावून बघा. आणि आत आग लागली तर उघडी कातडी आधी जळते. आमची बाही खालीच बरी.” तिसरा ईशान्येकडे होता. तो एवढेच म्हणाला, “डास आणि जळवा!”

या तिसऱ्याच्या उत्तरामागे मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यात लाखो हिंदी जवान होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाक येथे जपान्यांना अडवणाऱ्यांत पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटणही होती. पण जपान्यांहून मोठा शत्रू होता रोगराई. १९४३ साली जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका सैनिकामागे आजारी पडून मागे गेलेले १२० सैनिक होते. त्यांत हिवतापाचा वाटा फार मोठा. म्हणून दिवस मावळायच्या आत बाह्या खाली करायच्या आणि रोज मेपाक्रिनची गोळी घ्यायची, अशी शिस्त लावली गेली. सैनिकांना हे जाचक वाटे. त्या गोळीने पुरुषत्व जाते अशी आवईही उठली होती. स्लिम यांनी मग गोळीसाठी अचानक तपासण्या सुरू केल्या. तपासणीत ९५ टक्क्यांपेक्षा कमी जवानांनी गोळी घेतलेली आढळली की त्या पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्यालाच काढून टाकायचे. तिघांना काढावे लागले, तेवढ्यात बाकीच्यांना अर्थ कळला. १९४५ पर्यंत आजाऱ्यांचे प्रमाण खूपच खाली आले.

अमेरिकेत याच्या उलट झाले. तिथल्या मरीन दलाने ऑक्टोबर २०११ मध्ये रानगणवेशाच्या बाह्या दुमडणे बंद केले. घट्ट दुमडलेली बाही ही मरीन सैनिकांची ओळख होती. ते कापडाची आतली, फिकट बाजू बाहेर आणून घडी घालतात. नाराजी एवढी झाली की मार्च २०१४ मध्ये बाह्या पुन्हा वर गेल्या. तिथल्या भूदलातही २००५ च्या नव्या गणवेशाबरोबर बाह्या दुमडणे बंद झाले होते, कारण तो गणवेश ऊन आणि किड्यांपासून हात झाकण्यासाठी होता. तिथेही जून २०१६ मध्ये परवानगी मिळाली.

आता यात खरे कोण? मला वाटते, दोघेही. घडीचा अभिमान ही क्षुल्लक गोष्ट नाही. घरापासून लांब राहणाऱ्या पोराला ‘मी यांच्यातला’ हे सांगणारी तीही एक खूण असते. पण हिवताप आणि आग यांना अभिमान कळत नाही. इतकी वर्षे वर्गात उभा राहिलो, त्यावरून एक सांगतो. गणवेशाचा नियम मुले पाळतात, पण कारण सांगितले तर तो पाठ फिरल्यावरही पाळतात. जंगलात संध्याकाळी साहेब प्रत्येकाच्या मागे उभा राहू शकत नाही. तिथे बाही खाली करायची ती ज्याची त्यानेच.

आमच्या गावाकडची पोरे पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावताना दिसतात. त्यातली काही उद्या डासांच्या मुलखात जातील, काही रणगाड्यात बसतील. त्यांना पहिल्याच दिवशी हे ‘का’ कळावे, एवढीच या म्हाताऱ्या मास्तरची इच्छा.

तुमच्या घरात कोणी फौजी असेल तर त्यांना जरूर विचारा, बाही वर की खाली. उत्तर मला कळवा.