कापडावरची ओळख

तलवाड्याच्या पारावर बसणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींचा एक आवडता विषय आहे, आजकालच्या पोरांचे कपडे. गुडघ्यावर फाटलेली जीन्स पैसे मोजून आणतात, पँट कमरेवर टिकत नाही, पोरी ओढणी घेत नाहीत. प्रत्येक तक्रारीचा शेवट ठरलेला असतो : 'आमच्या वेळी असं नव्हतं.' नव्हतं, हे खरेच आहे. पण श्रोतेहो, आमच्या वेळी आणि आमच्या आज्यांच्या वेळी नेमके कसे होते, तेही एकदा नीट पाहायला हवे. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे ही खोड काही जात नाही.

गेवराई तालुक्यातले आमचे गाव त्वरितादेवीसाठी ओळखले जाते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिकडे दरबारात जायचे तर अंगात शेरवानी, डोक्यावर दस्तार आणि कमरेला बगलूस म्हणजे पट्टा लागे. त्या थाटाची सावली जिल्ह्यापर्यंत पडली होती. वकील, अंमलदार, एखादा देशमुख शेरवानी आणि रुमी टोपी घाली. शेतकऱ्याचा वेश म्हणजे धोतर, बंडी नाहीतर पैरण, डोक्याला पटका आणि खांद्यावर धनगरी घोंगडी. बायकांना नऊवारी लुगडे आणि खणाची चोळी, मुलींना परकर-पोलके.

हे चित्र आठवणीत फार देखणे दिसते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपण तेच उभे करतो. पण त्या काळी कपडा ही माणसाच्या अंगावर लावलेली पाटी होती. पटका कसा बांधला, लुगडे किती वर खोचले, हातात चांदी आहे की कथील, यावरून शिवेवर दिसलेल्या माणसाची जात गावात पोचण्याआधी कळे. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेने तांबडे आलवण नेसायचे. काहींनी वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्यायच्या. या गोष्टी कोणी हौसेने करत नव्हते. कोणी काय घालायचे, हे घालणाऱ्याने ठरवायचे नसे.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर केलेले भाषण मला वेशभूषेच्या इतिहासातली फार मोठी घटना वाटते. लुगडे वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे नेसा, हातभर आणि गळाभर घातलेले चांदी-कथलाचे दागिने टाका, कारण त्यांवरूनच तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, असा त्याचा आशय होता. लुगडे तेच, फक्त नेसणे बदलायचे. त्याला पैसा लागत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. बायकांनी ते लगेच अमलात आणले. नेसण्याची तऱ्हा बदलणे ही बंडखोरी ठरते, ती तेव्हाच, जेव्हा जुनी तऱ्हा सक्तीची असते.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले. शेरवान्या हळूहळू पेटीत गेल्या आणि पांढरी टोपी घरोघरी आली. स्वातंत्र्यसैनिकाच्या डोक्यावरची टोपी पुढे पुढाऱ्याच्या आणि शेवटी लग्नातल्या प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर बसली. पण कापडाची चणचण काही सुटली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आले होते, त्याच्या गोष्टी मी आजीकडून ऐकल्या. दंड घातलेले लुगडे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. दोन विरलेल्या लुगड्यांचे धड भाग जोडून एक करायचे, त्याला दंड घालणे म्हणत. तेही फाटले की वाकळ शिवायची. आमच्या पिढीला फाटकी जीन्स इतकी का टोचते, याचे उत्तर मला या दंडातच दिसते. आम्ही ठिगळ लपवण्यात बालपण घालवले, आणि नातू ठिगळ दाखवण्यासाठी जास्त पैसे देतो!

मग आले टेरिलीन आणि नायलॉन. शहरातले शहाणे लोक सिंथेटिक कापडाला नाक मुरडतात, पण विहिरीवरून ओले नऊवारी खांद्यावर टाकून आणणाऱ्या बाईला विचारा. नायलॉनचे पातळ पिळले की झाले, वाळतेही लगेच आणि इस्त्री मागत नाही. सहावारीत तीन वार कमी, म्हणजे वजन कमी, धुणे कमी. नऊवारी गेली ती संस्कृती बुडाली म्हणून नव्हे, तिचे ओझे बाईच्याच खांद्यावर होते म्हणून. पुरुषांकडे टेरिकॉटची पँट, सत्तरच्या दशकात बेलबॉटम, 'बॉबी' सिनेमानंतर ठिपक्यांचे कापड, आणि पुढे साहेबांपासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांना सफारी. १९८२ ला मुंबईत गिरणी संप झाला आणि कित्येक गिरण्या पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. आमच्याकडे भिवंडी-मालेगावच्या मागावरचे कापड आणि सुरतच्या साड्या येत राहिल्या. तालुक्यात कापूस भरपूर पिकतो. तो जिनिंगला जातो, गाठी बांधून बाहेर जातो, आणि पिकवणाऱ्याच्या अंगावर मात्र पॉलिएस्टर असते. याबद्दल पारावर कोणी तक्रार करत नाही.

जीन्सची गोष्ट तर आणखी मजेची. १९९० च्या दशकात अहमदाबादच्या अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' नावाचा संच बाजारात आणला. एका पाकिटात डेनिमचे कापड, चेन, तांब्याचे रिव्हेट आणि मागे लावायची पट्टी. शिवायचे काम गावच्या शिंप्याकडे. सुमारे ४ हजार शिंप्यांच्या जाळ्यातून हा माल पोचवला गेला. अमेरिकेत खाण कामगारांसाठी शिवली गेलेली ही विजार आमच्याकडे पायाच्या शिलाई मशीनवरून आली. नंतर तयार कपडे स्वस्त झाले, आता मोबाइलवर मागवले की दारात येतात.

आज नवरात्रात देवीच्या डोंगरावर पायऱ्या चढणारी पोरे पाहिली की एक गोष्ट जाणवते. सगळ्यांची जीन्स सारखी, टी-शर्ट सारखे, केस कापण्याची तऱ्हाही सारखीच. यांतला कोण कोणत्या आळीतला, हे मला नुसते पाहून सांगता येत नाही. जात गेली, असे मी म्हणणार नाही. आडनाव विचारले की ती हजर होते. याच मराठवाड्यात इस्त्रीचा सदरा घालून चौकातून गेला म्हणून एखादा पोरगा कुणाच्या डोळ्यांत खुपलेलाही मी पाहिला आहे. पण निदान कापडाने चुगली करणे थांबले आहे.

मुलींचे तसे नाही. मुलाने पहिल्यांदा जीन्स घातली तेव्हा घरात बैठक भरली नव्हती. मुलीने पंजाबी ड्रेस मागितला तेव्हा भरली, आणि जीन्स मागितली तेव्हा तर मामालाही बोलावले. सायकलवर शाळेला जायचे तर सलवारच सोयीची, हे पटायलाही वेळ लागला. गंमत म्हणजे घरातल्या बाया दिवसभर गाऊनवर टॉवेल टाकून दळणाला जाऊन येतात, त्याला कोणी हरकत घेत नाही. आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवते. उसाचे पान हात कापते, म्हणून. पुरुषी कपडा बाईने घालू नये, हा नियम फडात कोणाला आठवला नाही.

आमच्या शिंप्याकडे आता शर्ट-पँट शिवायला क्वचितच कोणी येते. ब्लाऊज, फॉल-पिको, जीन्सची उंची कमी करणे, यावर त्याचे दुकान चालते. एक काम मात्र नवीन आहे, शिवलेली नऊवारी. नेसता येत नाही, म्हणून पायजम्यासारखी चढवायची, बाजूला चेन. कॉलेजच्या कार्यक्रमाला, लग्नाला, देवीच्या दर्शनाला मुली हौसेने घालतात. गेल्या नवरात्राच्या आधी एका मुलीने तिला खिसा लावून मागितला. तिची पणजी पैसे कनवटीला ठेवत असेल. हिला मोबाइल ठेवायचा होता. नऊवारीला खिसा नसतो, असे शिंप्याने दोनदा सांगून पाहिले. मग काष्ट्याच्या आत, उजव्या हाताला येईल असा लावून दिला, आणि तीस रुपये जास्त घेतले.