रोहिणी हट्टंगडी : रंगमंच, रुपेरी पडदा आणि दूरचित्रवाणी

ब्रिटिश अकादमीच्या चित्रपट पुरस्कारांत १९८३ साली सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा मान दोघींना विभागून देण्यात आला. एक होत्या ‘रेड्स’मधील भूमिकेसाठी निवडल्या गेलेल्या अमेरिकन अभिनेत्री मॉरीन स्टेपलटन, तर दुसऱ्या होत्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ या चित्रपटात त्यांनी कस्तुरबांची भूमिका साकारली होती. अभिनयासाठी ‘बाफ्टा’ पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या.

जागतिक पातळीवरील एवढ्या मोठ्या गौरवानंतर हिंदी चित्रपटसृष्टीत त्यांना प्रमुख भूमिका मिळतील, अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. ज्या भूमिकेने त्यांना कीर्ती मिळवून दिली, तिनेच त्यांना ऐन तारुण्यात ‘आई’च्या चौकटीत बसवले. तरीही ही चौकट त्यांच्या कारकीर्दीची सीमा ठरली नाही. रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत पाच दशकांहून अधिक काळ काम करून त्यांनी स्वतःसाठी जे स्थान निर्माण केले, ते मराठी अभिनयाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

जडणघडण

रोहिणी हट्टंगडी या पूर्वाश्रमीच्या रोहिणी ओक. त्यांचा जन्म १९५१ मध्ये पुण्यात झाला. रेणुका स्वरूप प्रशालेत त्यांचे शालेय शिक्षण झाले. लहान वयातच त्यांनी नृत्याचे शिक्षण घेतले. भरतनाट्यम् आणि कथकली या दोन्ही शैलींचे संस्कार त्यांच्या पुढील अभिनयाला उपयोगी पडले. शरीराची ठेवण, नजर आणि हातांच्या हालचाली यांवर त्यांची जी पकड दिसते, तिचे मूळ या तालमीत आहे.

१९७१ मध्ये त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेश घेतला. इब्राहिम अल्काझी हे त्या वेळी विद्यालयाचे संचालक होते. नाटक हा केवळ हौसेचा विषय नसून अभ्यासाची आणि कठोर शिस्तीची कला आहे, हा विचार त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका संपूर्ण पिढीत रुजवला. पाश्चात्त्य अभिजात नाटके, संस्कृत नाटके, लोकनाट्ये आणि आशियातील पारंपरिक नाट्यप्रकार अशा सर्वांचा परिचय विद्यार्थ्यांना करून दिला जात असे. याच काळात जपानी दिग्दर्शक शोझो सातो यांनी बसवलेल्या ‘इबारागी’ या काबुकी नाटकात आणि पुढे डॉ. शिवराम कारंत यांच्या मार्गदर्शनाखाली सादर झालेल्या ‘भीष्मविजय’ या यक्षगान प्रयोगात रोहिणीताईंनी भूमिका केल्या. काबुकी आणि यक्षगान या दोन्ही परंपरांमध्ये स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत आले आहेत. त्यामुळे एका स्त्रीने या दोन्ही शैली आत्मसात करणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

विद्यालयातच त्यांची भेट जयदेव हट्टंगडी यांच्याशी झाली. १९७४ मध्ये शिक्षण पूर्ण झाल्यानंतर दोघे मुंबईला आले आणि पुढे विवाहबद्ध झाले. पती दिग्दर्शक आणि पत्नी अभिनेत्री, अशी ही जोडी मराठी प्रायोगिक रंगभूमीवर लवकरच परिचित झाली.

‘चांगुणा’ आणि प्रायोगिक रंगभूमी

सत्तरच्या दशकात मुंबईतील दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह हे मराठी प्रायोगिक नाटकांचे केंद्र बनले होते. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ या संस्थेने तेथे नव्या लेखकांना आणि दिग्दर्शकांना हक्काची जागा मिळवून दिली. हट्टंगडी दांपत्य याच चळवळीशी जोडले गेले.

जयदेव यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘चांगुणा’ या नाटकाने रोहिणीताईंचे नाव सर्वतोमुखी केले. फेदेरिको गार्सिया लोर्का या स्पॅनिश नाटककाराच्या ‘येर्मा’ या शोकांतिकेचे ते मराठी रूप होते. मूल होत नाही म्हणून आतून जळत राहणारी ग्रामीण स्त्री आणि तिच्या दुःखाकडे पाठ फिरवणारा नवरा, असा त्याचा विषय. परदेशी मातीतील हे दुःख मराठी खेड्यातील स्त्रीचे वाटावे, अशा तीव्रतेने त्यांनी ते रंगवले. पुढे मूळच्या ग्रीक शोकांतिकेतील ‘मीडिया’ ही व्यक्तिरेखाही त्यांनी मराठी रंगमंचावर साकारली. ‘येर्मा’ पतीचा आणि ‘मीडिया’ स्वतःच्या अपत्यांचा जीव घेते. अशा स्त्रियांविषयी प्रेक्षकाच्या मनात तिरस्कार नव्हे, तर करुणा निर्माण करणे, ही अभिनयाची कठीण परीक्षा होय.

कस्तुरबांची भूमिका

‘गांधी’ चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रींचाही विचार झाला होता. अखेर निवड रोहिणीताईंची झाली. चित्रपटाचे चित्रीकरण १९८० च्या अखेरीस सुरू झाले, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पडद्यावर मात्र त्यांना दक्षिण आफ्रिकेतील तरुण पत्नीपासून आगाखान पॅलेसमध्ये अखेरचा श्वास घेणाऱ्या वृद्धेपर्यंतचा प्रवास दाखवायचा होता. कस्तुरबांचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यात, वयाच्या ७४ व्या वर्षी झाले. आपल्याच शहरात इतिहासजमा झालेली ही व्यक्ती रोहिणीताईंना उभी करायची होती.

या भूमिकेत संवाद मोजकेच आहेत. आश्रमातील शौचकूप साफ करण्यावरून पतीशी होणारा वाद हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. जातीचा संस्कार, अपमान, संताप आणि शेवटी स्वतःच्या विवेकाने स्वीकारलेला बदल, असे चार टप्पे काही मिनिटांत पार पडतात. कस्तुरबा पतीची आज्ञा म्हणून झुकत नाहीत, तर पटल्यावर पुढे येतात. हा सूक्ष्म फरक रोहिणीताईंनी नेमका टिपला. विवाहातील सप्तपदीची वचने दोघे पाहुण्यांना सांगतात, त्या प्रसंगातील संकोच आणि प्रसन्नताही तितकीच लक्षात राहते. एका महापुरुषाच्या सावलीत राहणारी पत्नी न वाटता, स्वतःची मते असलेली सहचारिणी म्हणून कस्तुरबा प्रेक्षकांसमोर येतात, याचे श्रेय मुख्यतः अभिनेत्रीला द्यावे लागते.

समांतर चित्रपट आणि पुरस्कार

‘गांधी’पूर्वीच सईद मिर्झा यांच्या ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८) या चित्रपटातून रोहिणीताई पडद्यावर आल्या होत्या. ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांतही त्यांच्या भूमिका होत्या. समांतर चित्रपटांच्या बहराच्या काळात त्यांच्या वाट्याला आलेल्या तीन भूमिका विशेष उल्लेखनीय आहेत.

महेश भट यांच्या ‘अर्थ’ (१९८२) मध्ये त्यांनी घरकाम करणाऱ्या बाईची भूमिका केली. मुलीला शिकवण्यासाठी पै-पै जमवणाऱ्या आणि दारुड्या नवऱ्याचा जाच सोसणाऱ्या या स्त्रीची कहाणी नायिकेच्या कथेला समांतर चालते. या भूमिकेसाठी त्यांना ‘फिल्मफेअर’ पुरस्कार मिळाला. भट यांच्याच ‘सारांश’ (१९८४) मध्ये एकुलता एक मुलगा परदेशात गमावलेल्या मुंबईकर मराठी दांपत्यातील पार्वती प्रधान त्यांनी उभी केली. पती झालेले अनुपम खेर तेव्हा २८ वर्षांचे होते आणि रोहिणीताईही तिशीच्या सुरुवातीलाच होत्या. तरीही त्या घरातील थकलेपण आणि मुलगा पुन्हा जन्म घेईल ही पार्वतीची वेडी आशा खोटी वाटत नाही.

महेश एलकुंचवार यांच्या नाटकावर आधारित, गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘पार्टी’ (१९८४) मधील मोहिनी ही रंगभूमी सोडून बसलेली, मद्यात बुडालेली अभिनेत्री आहे. आपली कला वाया गेल्याची जाणीव तिला पोखरत असते. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार प्राप्त झाला.

आईच्या चौकटीत

या यशानंतर व्यावसायिक हिंदी चित्रपटांनी त्यांना बोलावले, ते प्रामुख्याने आईच्या भूमिकांसाठी. ‘अग्निपथ’ (१९९०) मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. वयाने बच्चन त्यांच्याहून मोठे आहेत. नायक पन्नाशीतही नायक राहू शकतो, अभिनेत्रीने मात्र एकदा केस पांढरे केले की तिचे वय कायमचे ठरून जाते, हा चित्रपटसृष्टीचा अलिखित नियम येथे स्पष्ट दिसतो.

येथे ब्रिटनमधील पेगी ॲशक्रॉफ्ट यांचे उदाहरण आठवते. शेक्सपिअरच्या नाटकांतून नावारूपाला आलेल्या या अभिनेत्रीला ‘अ पॅसेज टू इंडिया’साठी ऑस्कर मिळाले, ते १९८५ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी. त्याच सुमारास भारतावरील ‘द ज्वेल इन द क्राऊन’ या दूरचित्रवाणी मालिकेतील त्यांचे कामही गाजले. त्यांनी म्हातारपणी वृद्धेच्या भूमिका केल्या. रोहिणीताईंना वृद्धत्व पडद्यावर आधी आणि आयुष्यात नंतर आले.

मात्र मिळालेली भूमिका त्यांनी कधी उरकून टाकली नाही. ‘अग्निपथ’मधील सुहासिनी चव्हाण मुलाच्या गुन्हेगारीपुढे मान तुकवत नाही. तिचा नकार हाच चित्रपटाचा नैतिक कणा आहे. या भूमिकेने त्यांना दुसरा ‘फिल्मफेअर’ पुरस्कार मिळवून दिला. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ (२००३) मधील भोळी, अभिमानी आई ही अगदी निराळ्या प्रकृतीची. तेलुगू आणि मल्याळम चित्रपटांतही त्यांनी काम केले.

पुन्हा रंगमंचाकडे

चित्रपटाने जे नाकारले, ते रंगभूमीने दिले. चित्रपटांत व्यग्र असतानाही त्यांनी नाटक सोडले नाही. जयदेव यांच्या दिग्दर्शनाखालील ‘अपराजिता’ या एकपात्री प्रयोगात त्या एकट्या रंगमंच तोलून धरीत. जयदेव आणि रोहिणीताईंनी ‘कलाश्रय’ ही संस्था स्थापन करून नाट्यप्रशिक्षणाचे कामही केले. २००४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना अभिनयासाठी देण्यात आला. जयदेव हट्टंगडी यांचे २००८ मध्ये निधन झाले. त्यानंतरही रोहिणीताईंनी रंगभूमीशी असलेले नाते टिकवले.

प्रशांत दळवी लिखित, चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित ‘चारचौघी’ हे १९९१ चे गाजलेले नाटक २०२२ मध्ये नव्या संचात रंगमंचावर आले. विवाहित पुरुषाशी असलेले नाते उघडपणे स्वीकारून तीन मुलींना स्वाभिमानाने वाढवणारी आई त्यात रोहिणीताईंनी साकारली. ही आईचीच भूमिका, पण त्यागमूर्तीची नव्हे. स्वतःच्या निर्णयांची किंमत मोजणारी आणि मुलींनी विचारलेल्या प्रश्नांना सामोरी जाणारी ही स्त्री आहे.

घराघरांत पोहोचलेली सासू

मराठी दूरचित्रवाणीवर रोहिणीताईंचे नाव ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेशी जोडले गेले. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेली ही मालिका २०१३ पर्यंत चालली आणि तिचे ३,००० हून अधिक भाग प्रसारित झाले. आशालता देशमुख ही कुटुंबप्रमुख सासू त्यांनी सुमारे अकरा वर्षे साकारली. रोजच्या मालिकेच्या घाईत भूमिकेचा तोल इतकी वर्षे सांभाळणे हे नाटकाच्या तालमीत घडलेल्या कलावंतालाच साधते.

त्यानंतर झी मराठीवरील ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) मध्ये गोखले घराण्याचा गृहउद्योग सांभाळणारी ‘आईआजी’ भागीरथीबाई त्यांनी रंगवली. २०२३ मध्ये प्रदर्शित झालेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ या चित्रपटात मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींतील थोरल्या बहिणीची भूमिका त्यांनी केली. या चित्रपटाला महाराष्ट्रातील महिलांनी गटागटाने गर्दी केली आणि तो त्या वर्षीच्या सर्वाधिक यशस्वी मराठी चित्रपटांत गणला गेला. सत्तरी ओलांडलेल्या अभिनेत्रीला कथेच्या केंद्रस्थानी जागा मिळाली, ही गोष्ट त्या यशाइतकीच महत्त्वाची आहे.

कारकीर्दीचे मोल

रोहिणी हट्टंगडी यांच्या कारकीर्दीकडे केवळ पुरस्कारांच्या यादीतून पाहिले, तर तिचा अर्थ हाती लागत नाही. भूमिका लहान की मोठी, तरुण की वृद्ध, याचा निर्णय बहुधा इतरांनी घेतला. ती किती खोल असावी, हे मात्र त्यांनी स्वतः ठरवले. रंगमंचावर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो, कॅमेऱ्यासमोर पापणीची हालचालही पुरेशी असते आणि मालिकेत तीच व्यक्ती वर्षानुवर्षे रोज नव्याने उभी करावी लागते. या तिन्ही मागण्या एकाच निष्ठेने पूर्ण करणाऱ्या कलावंतांत त्यांची गणना होते. नव्या पिढीच्या अभिनेत्रींना त्यांच्याकडून घेण्याजोगी गोष्ट हीच आहे.