पायांखालची चाके आणि मोकळा रस्ता

मॅरेथॉन म्हटले की घामाघूम होऊन धावणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि स्केटिंग म्हटले की गुळगुळीत फरशीवर गोल गोल फिरणारी मुले. या दोहोंचा मेळ घालणारी एक शर्यत जगात गेली तीसएक वर्षे चालू आहे. बेचाळीस किलोमीटरांचा हमरस्ता असतो; पायांत बूट, आणि बुटाखाली एकामागे एक अशी तीन-चार चाके. सुरुवातीच्या रेषेवर उभी राहणारी माणसे हजारोंनी मोजावी लागतात. त्यांतली जिंकण्यासाठी आलेली थोडी. बाकीची सारी शेवटपर्यंत पोहोचता यावे एवढ्याच इच्छेने आलेली. अशा या सामुदायिक शर्यतीचा इतिहास जळकोटसारख्या गावी सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे, आणि ते या गावाजवळून जाणाऱ्या रस्त्यात आहे. (जळकोट म्हणजे तुळजापूर तालुक्यातले, नळदुर्गापलीकडचे. लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट निराळे. हा घोटाळा नेहमी होतो, म्हणून सांगून ठेवतो.)

प्रथम अंतराचा विचार करू. ४२ किलोमीटर १९५ मीटर हा आकडा ग्रीसमधून आला अशी समजूत आहे. वस्तुतः तो लंडनमधून आला. १८९६ साली अथेन्सला पहिली मॅरेथॉन झाली, स्पिरिडॉन लुईस या ग्रीक तरुणाने ती जिंकली, तेव्हा अंतर सुमारे चाळीस किलोमीटर होते. १९०८ साली लंडनच्या स्पर्धेत विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडागारातील राजघराण्याच्या आसनापर्यंत धाव ठेवली, आणि ते अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर भरले. १९२१ साली तेच प्रमाण म्हणून ठरले. म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याच्या सोयीने सगळ्या जगाचे पाय आजतागायत थकत आहेत!

आपल्या मुलखाला हे अंतर मुळीच परके नाही. कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरास पायी जाणारा जनसमुदाय आपण सर्वांनी पाहिला आहे. आपल्यांपैकी कित्येकांनी ती वाट तुडविलीही असेल. ते अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा थोडे अधिकच. त्या वेळी वाहने दुसऱ्या मार्गाने वळवितात, आणि म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बाया, कारखान्यांतले कामगार सारे एकाच रस्त्यावरून चालतात. घड्याळ कोणी लावीत नाही आणि पहिला कोण आला हे कोणी विचारीत नाही.

धावण्याच्या बाबतीतही तेच. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे सर दोराबजी टाटांनी पाहिली, आणि हिंदुस्थानचा चमू ऑलिंपिकला पाठवावा असे त्यांच्या मनाने घेतले. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. १९२० साली अँटवर्पला मॅरेथॉनचे अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. ऑलिंपिकमध्ये एवढी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. चौगुले ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावले आणि एकोणिसावे आले. एकोणिसाव्याचे नाव इतिहास सहसा ठेवीत नाही. बेळगावने ते ठेवले, हे मला पदकापेक्षा मोलाचे वाटते.

आता चाकांकडे वळू. पायाला चाके बांधण्याची कल्पना जुनी, पण आरंभ फजितीचा. जोसेफ मर्लिन नावाचा एक कल्पक यंत्रकार १७६० च्या सुमारास लंडनमध्ये होता. एका मेजवानीत तो चाकांच्या पादत्राणांवर स्वार होऊन, व्हायोलिन वाजवीत आला, आणि थांबता न आल्यामुळे मोठ्या किमतीच्या आरशावर जाऊन आदळला, अशी कथा सांगतात. आरसा फुटला, व्हायोलिन फुटले, मर्लिनही जायबंदी झाला. चालणे शोधून काढले होते, थांबणे शोधायचे राहिले होते. पुढे १८१९ मध्ये पॅरिसच्या पेतिब्लेदने आणि १८२३ मध्ये लंडनच्या टायर्सने जी पादत्राणे केली त्यांतही चाके एका ओळीतच होती. म्हणजे ज्याला आज नवे म्हणतात तेच मूळचे. चार कोपऱ्यांना चार चाके, हा ज्याला आपण जुना नमुना समजतो तो, १८६३ साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिंप्टनने काढला. अंग कलते केले की बूट त्या बाजूला वळतो, ही त्याची खुबी. त्यामुळे स्केटिंग सोपे झाले, लोकप्रिय झाले, आणि त्याच वेळी घरात शिरले. बाहेरचा रस्ता खडीचा, धुळीचा, चाकोऱ्या पडलेला. त्यावर लाकडाचे वा लोखंडाचे लहानसे चाक कसे टिकणार? तेव्हा लाकडी फरशीची मोठमोठी दालने बांधली गेली, तिकिटे लागली, बँड वाजू लागला. रस्त्यावर जाण्यासाठी जन्मलेली वस्तू शंभर वर्षे छपराखाली फिरत राहिली.

ती बाहेर काढली दोन गोष्टींनी. १९७० नंतर पॉलियुरेथेन या रासायनिक द्रव्याची चाके निघाली. ती रबरासारखी धक्का सोसतात आणि लवकर झिजत नाहीत. आणि १९७९-८० मध्ये अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथील स्कॉट व ब्रेनन ओल्सन या भावांनी एका ओळीतल्या चाकांचा जुना बूट पाहून तो सुधारला. त्यांचा हेतू साधा होता: हे दोघे बर्फावरची हॉकी खेळत, आणि उन्हाळ्यात बर्फ नसताना सराव चालू ठेवायचा होता. पण रस्ते डांबराचे झाले होते, आणि लोकांनी हे बूट उचलले. त्याच मिनेसोटा राज्यात डुलुथ गावी १९९६ पासून सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने चाकांची मॅरेथॉन भरू लागली. १९९७ पासून बर्लिनच्या मॅरेथॉनला स्केटिंगची जोड मिळाली. १९९५ च्या अखेरीस पॅरिसमध्ये मोठा संप होऊन आगगाड्या व बसगाड्या बंद पडल्या, तेव्हा पुष्कळ लोक असे बूट घालून कामावर गेले. खेळाची वस्तू गरजेच्या वेळी वाहन झाली!

इथे या शर्यतीचे खरे मर्म येते, म्हणून थोडा रेंगाळतो. धावणाऱ्याचा मुख्य वैरी त्याचे स्वतःचे शरीर. २०२३ साली शिकागोला केल्विन किप्टम या केनियाच्या धावपटूने मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पुरी केली, तेव्हाही झगडा मुख्यतः त्याच्या फुप्फुसांचा आणि पोटऱ्यांचाच होता. चाकांवर तेच अंतर उत्तम खेळाडू तासाभरात तोडतो. म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरांचा वेग. या वेगाला मुख्य वैरी वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडसर चौपट होतो. म्हणून स्केटर एकामागे एक अशी रांग धरतात. पुढचा वारा फोडतो, मागच्याला वाट मोकळी मिळते. थोड्या वेळाने पुढचा बाजूला होऊन शेपटाला लागतो आणि दुसरा पुढे येतो. रांगेतल्या माणसांची एकमेकांशी ओळख असायला हवी असे नाही. कोणी पुढचा खड्डा हाताने दाखवितो, कोणी मागच्याला हाक देऊन सावध करतो. एकटा सुटलेला बळकट गडीही अशा मध्यम रांगेपुढे दमतो. मृगात आपल्याकडे सावड करतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, तसाच हा व्यवहार आहे. फक्त पाळी दिवसांऐवजी मिनिटांची. मला तर वाटते, पायी मॅरेथॉनमध्ये समुदाय हा शोभेला असतो, चाकांच्या मॅरेथॉनमध्ये तो कामाला येतो.

भाग घेणाऱ्याची तयारीही याच अंगाने होते. डोक्याला शिरस्त्राण, गुडघे, कोपरे व मनगटे यांना कवच, हे तर झालेच. पण आधी शिकायचे ते थांबणे आणि पडणे. मर्लिनच्या आरशाचा धडा शिक्षक पहिल्याच दिवशी देतात, कारण रांगेत एक पडला की मागचे पाचसात त्याच्यावर येतात. आपल्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजावी, ही जोखीम पायी धावण्यात फारशी नाही.

आपल्या देशातही रस्त्यावरच्या स्केटिंगची हौस परकी राहिली नाही. १९७५ साली मसुरीचे पाच तरुण चाकांचे बूट घालून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर तोडीत दिल्लीपर्यंत गेले. २ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटरच्या सांघिक शर्यतीत भारताच्या पुरुषांना व स्त्रियांना प्रत्येकी कांस्यपदक मिळाले. पुरुषांच्या संघात महाराष्ट्राचे विक्रम इंगळे व सिद्धांत कांबळे होते. आणि २०२५ च्या सप्टेंबरात चीनमधील बैदाइहे येथे तमिळनाडूच्या आनंदकुमार वेलकुमारने हजार मीटरच्या विश्वविजेतेपदाबरोबर बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉनही जिंकली. आपल्या रस्त्यांची अवस्था ठाऊक असणाऱ्यास या बातमीचे अप्रूप अधिक वाटावे.

असो. शेवटी आपल्या रस्त्यावर येतो. सोलापूर–हैदराबाद हा रस्ता जळकोटकरांना वेगाची पहिली ओळख कशी देऊन गेला, हे इथल्या वयोवृद्धांनी घरच्यांकडून ऐकले असेल. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने पहाटे बोरी नदीवरचा नळदुर्गाचा पूल शाबूत हाती घेतला, आणि सकाळी नऊच्या सुमारास चिलखती गाड्यांची तुकडी जळकोटात आली. दुपारी सव्वातीनला ती उमरग्याला पोहोचली. त्या दिवशी त्या रस्त्याने निजामी राजवटीचा शेवट पाच दिवसांच्या अंतरावर आणून ठेवला. तेव्हापासून हा रस्ता रुंदावत गेला, क्रमांक बदलत गेला, नऊचा पासष्ट झाला, आणि त्यावर मालमोटारींची सत्ता कायम झाली. जळकोट ते उमरगा हे पस्तीसएक किलोमीटर अंतर स्केटरांची चांगली रांग तासाभरात तोडील. पण आज त्या रस्त्यावर एखादे पोर चाकांचे बूट घालून उतरले तर आपण त्याला कान धरून घरी आणू, आणि आपले बरोबरच असेल.

प्रश्न डांबराचा आता फारसा उरलेला नाही. डुलुथ काय, बर्लिन काय, तेथे नगराने ठरविले की वर्षातून एक सकाळ रस्ता माणसांच्या पायांना द्यायचा. पोलीस, डॉक्टर, पाणी देणारे स्वयंसेवक त्या सकाळी रस्त्यावर उभे राहतात. आपल्याकडे देवीच्या नावाने आपण हे दरवर्षी करतो आणि उत्तम करतो. खेळाच्या नावाने मागितले तर मात्र हसू येते. नळदुर्गाच्या बाजूचा एखादा आडरस्ता, पाच किलोमीटरांचा, रविवारी सहा ते आठ बंद ठेवावा, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. मुलींना प्रथम उतरवावे, असे मी सुचवीन. मुले मागोमाग येतातच. दोन्ही टोकांना एकेक बैलगाडी आडवी उभी करावी, आणि सर्वांत शेवटी येणाऱ्यासाठी कोणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन थांबावे.