नेत्रकोटराचा म्यूकरमायकोसिस

म्यूकर गटातील बुरशींमुळे नाक, सायनस, डोळ्याची खोबण आणि पुढे मेंदू असा चढत जाणारा संसर्ग. काही दिवसांत डोळा आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. तो माणसाकडून माणसाला लागत नाही.

या बुरशी, विशेषतः रायझोपस, मातीत आणि कुजक्या पालापाचोळ्यात सर्रास आढळतात. बीजाणू श्वासावाटे सगळ्यांच्याच नाकात जातात. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. अनियंत्रित मधुमेह, रक्ताचा कर्करोग, अवयव प्रत्यारोपण किंवा स्टेरॉइडचा मारा यांमुळे ही फळी खचली की बीजाणू रुजतात. मधुमेहातील कीटोॲसिडोसिसमध्ये रक्ताची आम्लता वाढून प्रथिनांशी बांधलेले लोह सुटे होते आणि बुरशीला आयते खाद्य मिळते. तिचे तंतू रक्तवाहिन्यांत घुसून गुठळ्या करतात. रक्त न मिळालेली ऊती मरून काळी पडते. सायनस आणि खोबण यांच्यामधले हाड कागदाइतके पातळ असल्याने डोळा फार दूर नसतो.

गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, वरचे दात हलणे ही आधीची लक्षणे. मग पापणी लोंबते, डोळा पुढे येतो, त्याची हालचाल थांबते. दृष्टी जाणे ही उशिराची खूण. दृष्टिपटलाची मुख्य धमनी बुजली की दृष्टी सहसा परतत नाही. मधुमेही रुग्णाच्या अशा डोळ्यात नुसते थेंब घालत राहणे घातक ठरते.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, केंद्राने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. जूनअखेर देशात ४० हजारांवर रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र आणि गुजरात आघाडीवर होते. भारतातील २,८२६ रुग्णांच्या एका अभ्यासात ७८ टक्क्यांना मधुमेह होता, तर ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेले होते. एकट्या विषाणूला दोष देता येत नाही, तो यामुळेच.

नाकातील ऊती पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की रुंद, जवळपास विनापडद्यांचे तंतू लगेच दिसतात. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी शिरेतून देतात. मूत्रपिंड आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर चालणारे व्होरिकोनाझोल इथे निरुपयोगी. मृत ऊती शस्त्रक्रियेने काढणे, साखर आटोक्यात आणणे आणि नंतर पोसाकोनाझोलच्या गोळ्या हे बरोबरीने चालते. बुरशी खोबणीत खोलवर पसरली असेल, तर खोबणीतील ऊतींसह डोळा काढावा लागतो. मात्र तो नेमका केव्हा काढावा, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही.