सातपुड्याची मुसळी आणि पुरुषांचं न सांगितलेलं दुखणं

पहिला पाऊस पडला की सातपुड्याच्या पायथ्याच्या आठवडे बाजारांत आदिवासी बाया रानभाज्यांच्या जुड्या मांडून बसतात. गवतासारख्या लांब पात्यांची मुसळीची भाजी त्यांतच मिळते. पावसाळा सरला की पानं वाळतात आणि जमिनीखालची मुळं खणायचे दिवस येतात. बोटाएवढी, झुबक्यानं लागलेली, मांसल मुळं. त्यांची साल हातानं खरवडून ती उन्हात घालायची. पाच किलो ओल्या मुळांची जेमतेम किलोभर सुकी मुसळी होते. हीच सफेद मुसळी चूर्ण होऊन पुडीत शिरली की ‘मर्दानी ताकदी’च्या नावानं विकली जाते, आणि तिचा भाव गिऱ्हाइकाच्या काळजीवर ठरतो.

हा धंदा खानदेशात जुना. यात्रेच्या गर्दीपासून जरा बाजूला, नाहीतर हमरस्त्याच्या कडेला, जडीबुटीवाल्यांचा तंबू असे. बाहेर बरण्या, शिलाजित, वाळकी मुळं. आत पडद्याआड नाडी बघणं. गिऱ्हाईक शक्यतो परगावचं, कारण गावातल्या वैद्याकडे गेलं की बातमी पारावर पोचणार. विक्रेत्याचं खरं भांडवल ही भीतीच होती. औषध लागू पडलं नाही तरी तक्रार घेऊन परत येणार कोण? आणि यायचं म्हटलं तरी तंबू पुढच्या यात्रेला गेलेला असायचा.

खरं तर जुन्या वैद्यकानं या दुखण्याकडे पुष्कळ सरळ नजरेनं पाहिलं होतं. चरकसंहितेत क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकतेचे, चार प्रकार दिले आहेत आणि त्यांची कारणंही: बीजाचा दोष, इंद्रियाला झालेली इजा, म्हातारपण, शुक्राचा क्षय. म्हणजे कारण शोधा, मग उपचार करा. पुढे बाजारात त्यातलं वाजीकरण, म्हणजे ताकद वाढवण्याचे उपाय, तेवढं उरलं. निदान गळून पडलं.

घरात याची किंमत बाईनं मोजली. मूल होत नाही म्हटलं की दोष सुनेचा, नवसही तिनंच बोलायचे, आणि वर्षं सरली की सवत यायची. नवऱ्याला दाखवून आणावं, हा विषयच निघत नसे. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला कायद्यानं बंदी आली ती 1946 मध्ये. पूर्व आणि पश्चिम खानदेश तेव्हा याच प्रांतात होते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं तर नवऱ्याच्या नपुंसकतेमुळे शरीरसंबंधच झाला नसेल तर विवाह रद्द करून घेण्याची वाट बायकोला दिली. पण कोर्टाची पायरी चढून हे चारचौघांत सांगणं किती जणींना जमणार होतं?

मराठीत या विषयावर वाचकांच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तो वाचकांना दिलेल्या लैंगिक प्रश्नांच्या उत्तरांबद्दलच. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांच्या मनात हे प्रश्न आहेत, तर त्यांना उत्तरं मिळालीच पाहिजेत, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तीनच वर्षांनी, 1937 मध्ये, बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर 31 जुलैला त्या भेटीच्या आठवणीसाठी लोक जमतात. हा 1934 चा खटलाही तिथं आठवला जावा, इतका तो मोलाचा आहे.

1954 मध्ये जादुई उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आला. लैंगिक शक्ती वाढवण्याचे दावे त्यात स्पष्ट नाव घेऊन रोखले आहेत. तरी ‘गुप्तरोग’ लिहिलेल्या भिंती एस.टी.च्या खिडकीतून दिसतच राहिल्या.

उलगडा झाला तो प्रयोगशाळेत. नायट्रिक ऑक्साइड हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो, हे ज्यांनी दाखवलं त्या तिघांना 1998 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलच्या गोळीला मान्यता मिळाली. ताठरता ही मुळात रक्तपुरवठ्याची आणि नसांची गोष्ट आहे, हे आता गोळीच्या रूपानं लोकांच्या हातात आलं. इंद्रियाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी तुंबतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांचा मार तिथं आधी दिसतो आणि काही वर्षांनी छातीत कळ येते. काळजी, नैराश्य आणि काही औषधं यांनीही हा त्रास होतो. मुसळीच्या बाजूचे पुरावे मात्र बहुतेक उंदरांवरच्या प्रयोगांचे आहेत.

‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या पुड्यांत सिल्डेनाफिलच मिसळलेलं जगभर वारंवार सापडलं आहे. छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसानं अशी पुडी खाल्ली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्याचं 1980 च्या दशकातलं, जळगावचं अलीकडचं. साखर आणि रक्तदाब तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही तपासून मिळतो. मधुमेहाच्या रुग्णाला तिथं पायाच्या मुंग्या आणि डोळ्यांबद्दल विचारतात. त्याच बैठकीत, दार लोटून, ताठरतेबद्दलही विचारायला हवं, आणि रुग्णाची तयारी असेल तर बायकोला शेजारी बसवून.