जंतुरक्ततेतील हृत्प्रतिध्वनिलेखन

रक्तप्रवाहात सूक्ष्मजंतू आढळल्यास ते हृदयाच्या झडपांवर रुजले आहेत किंवा काय, हे श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने पाहण्याची पद्धत. झडपेवर जंतू, फायब्रिन व बिंबाणू यांची गाठ बनते. तिचे तुकडे सुटून मेंदू, मूत्रपिंड इ. अवयवांत अडकतात आणि झडपही नाश पावते. या विकारास हृदंतःस्तरशोथ म्हणतात. संधिज्वराने पूर्वीच विकृत झालेल्या झडपांना त्याचा धोका अधिक असतो.

विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत या विकाराचे सुसंगत विवेचन केले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९४ मध्ये, मिरज येथे विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय सुरू झाले. त्या काळी ज्वर, हृदयातील मर्मर व रक्तसंवर्धन एवढीच निदानाची साधने वैद्यकास ज्ञात होती. मर्मर बहुधा झडप बिघडल्यावर ऐकू येई, तर रक्तसंवर्धनाने जंतू ओळखता येई. त्याचे ठाणे मात्र कळत नसे. रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरे. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिनामुळे तो बरा होऊ लागला आणि लवकर निदानास अर्थ प्राप्त झाला.

स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व कार्ल हेलमूट हेर्ट्‌झ यांनी १९५३ मध्ये धातूंतील दोष शोधण्याच्या उपकरणाने हृदयाचे प्रतिध्वनिलेखन केले. झडपांवरील गाठींचे या पद्धतीने केलेले वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पुढे द्विमितीय चित्रण व ग्रसिकेतून तपासणी या पद्धती आल्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतू रक्तात आढळलेल्या १०३ रुग्णांच्या १९९७ मधील अमेरिकन अभ्यासात छातीवरून ७, तर ग्रसिकेतून २२ जणांत गाठी दिसल्या. १९९४ च्या ड्यूक निकषांत या तपासणीस रक्तसंवर्धनाच्या बरोबरीचे स्थान मिळाले.

दरम्यान मिरज येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९६२) व सातारा जिल्ह्यात कराड येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय (१९८४) स्थापन होऊन दोन्ही जिल्ह्यांत वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली.

तपासणीची निकड जंतूच्या प्रकारावर अवलंबून असते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आढळल्यास ती प्रत्येक प्रौढ रुग्णात करणे इष्ट मानतात. मूत्रमार्गातून रक्तात शिरलेल्या एश्चेरिकिया कोलायबाबत ती क्वचितच लागते. रक्त घेण्यापूर्वीच प्रतिजैविक दिले गेल्यास संवर्धनात जंतू वाढत नाहीत व निदानाचा भार प्रतिध्वनिलेखनावर पडतो. पहिल्या तपासणीत गाठ दिसली नाही, तरी संशय कायम असल्यास सु. आठवड्याने ती पुन्हा करावी लागते.